त्रेचाळीस सह्यांचं वकीलपत्र

कोर्टाच्या आवारात तिला सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की तारीखताई म्हणत. हे तिला माहीत होतं. तिने त्याचा राग कधी धरला नाही, कारण नाव अगदी रास्त होतं. सव्वीस वर्षांच्या वकिलीत तिचे स्वतःचे म्हणावेत असे दावे बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही सगळे तडजोडीत मिटलेले. बाकीचं आयुष्य दुसऱ्यांसाठी तारखा मागण्यात गेलं. कुणी मोठा वकील वरच्या कोर्टात अडकला, कुणाला ताप आला, कुणाचा साक्षीदार फिरकलाच नाही, की निरोप यायचा, "ताई, तेवढं उभ्या राहा." मग ताई उभी राहायची, कारण सांगायची, पुढची तारीख घ्यायची आणि डायरीत टिपून ज्याची त्याला कळवायची.

या कामात तिचा एकच हट्ट होता. खरं कारण कळल्याशिवाय ती जागची हलत नसे. एका तरुण वकिलाची सासू एका वर्षात दोनदा वारली. दुसऱ्या वेळी ताईने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मागची तारीख मीच घेतली होती तुमच्या सासूबाईंच्या नावाने. बिचारीला एकदाच मरू द्या की." त्यानंतर त्याच्यासाठी ती कधी उभी राहिली नाही. मोठे वकील तिच्या या हट्टाला हसायचे, पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. इतरांना तारीख देताना न्यायाधीश दहा प्रश्न विचारत. ताईला विचारत नसत.

ताईचं बसणं वकील संघाच्या खोलीत. म्हणायला खोली, खरं तर एकमेकीला लागून दोन खोल्या, वर कौलं, आत अकरा टेबलं, कायद्याच्या पुस्तकांची तीन कपाटं आणि दाराशी एक लांब बाक. साठएक वर्षांपूर्वी त्या कोर्टात सातच वकील होते आणि ते व्हरांड्यात बसत. पावसाची झड आली की अशिलाला सोडून आधी कागद उचलत. एकदा कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की व्हरांड्यात गर्दी होते, आणि सातही जणांना पट्टेवाल्याने हाकललं. तेव्हा त्यांनी संघ काढला. पुढच्या न्यायाधीशाने आवाराच्या कोपऱ्यातल्या जागेकडे बोट दाखवून 'तिथे बसा' म्हटलं, आणि सात जणांनी आपापल्या घरून विटा, कौलं, लाकूड आणून तिथे खोली उभी केली. साहेबांचं ते बोट दाखवणं कुणी कागदावर घेतलं नाही. जगाला सगळं लेखी घ्यायला सांगणारी ही माणसं, स्वतःच्या वेळेला शब्दावर विसंबली.

नियम मात्र त्यांनी लिहून ठेवले होते. पहिला, टेबल मिळेल ते ज्याला स्वतःचं ऑफिस नाही त्याला. दुसरा, कोर्टाचा कागद हातात घेऊन कुणीही दारात आलं, तर दाराजवळच्या वकिलाने तो वाचून त्याला समजेल अशा भाषेत सांगायचा आणि त्याबद्दल काही घ्यायचं नाही. तिसरा नियम चहाच्या कपांबद्दल होता आणि तो आजवर कुणीही पाळलेला नाही.

ताईचं टेबल दाराला सगळ्यांत जवळ. ती एका शिंप्याची मुलगी. तिचे बाबा वकिलांचे काळे कोट शिवत. तिने परीक्षा दिली तेव्हा घरात कायद्याचं एक पुस्तक नव्हतं आणि ऑफिस थाटायची ऐपतही नव्हती. सनद हातात आली त्या दिवशी संघाच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी दाराजवळच्या टेबलावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली आणि म्हणाले, "बसा. अशिलं नसली तरी बसा. बसलेल्या वकिलाकडे अशील येतं." बसल्या बसल्या तिच्याकडे अशिलं फारशी आली नाहीत, पण नोटिसा हातात घेऊन भांबावलेली माणसं रोज आली. कुणी भाडेकरू, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी नुसताच साक्षीदार म्हणून बोलावलेला आणि आपल्याला तुरुंगात टाकणार म्हणून थरथरणारा. सव्वीस वर्षं ती त्यांचे कागद वाचत आली.

आणि मग एक दिवस बांधकाम खात्याचा कागद खुद्द संघाच्याच दाराला चिकटला. खोली दहा वर्षांपूर्वी चोरून बांधलेली आहे, तीस दिवसांत रिकामी करा, तिथे गाड्या लावण्याची जागा होणार आहे. दहा वर्षांपूर्वीच्या नकाशात ती पहिल्यांदा दिसते, एवढाच खात्याचा पुरावा. त्याच्या आधीचा नकाशा खात्याला सापडत नव्हता आणि संघाकडे परवानगीचा कागद नव्हताच.

वकील खवळले. खवळलेले वकील काय करणार, दावा लावणार. खोली पाडायला मनाई हुकूम मिळाला. आणि संघाचं काम म्हटल्यावर मान सगळ्यांनाच हवा, म्हणून वकीलपत्रावर त्रेचाळीस जणांनी सह्या केल्या. सह्या तिसऱ्या पानावर गेल्या. सगळ्यांत खाली, जेमतेम उरलेल्या जागेत, ताईची.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्ष परगावी गेले, सचिव आहेत म्हणून. सचिव दुसऱ्या कोर्टात गेले, ज्येष्ठ मंडळी आहेत म्हणून. ज्येष्ठांना वाटलं, तरुण पोरं धावतीलच. तरुणांना वाटलं, ज्येष्ठ असताना आपण कसं तोंड उघडायचं? पट्टेवाल्याने तीनदा पुकारा केला. दाव्यातल्या त्रेचाळीस वकिलांपैकी एकही हजर नव्हता. सरकारी वकील तेवढे हजर होते, तेही ओशाळलेले, कारण ते स्वतःही संघाचे सभासद. न्यायाधीशांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला. मनाई हुकूम उठला. आठवड्याभरात खोली पाडायला माणसं येणार, असा निरोप बांधकाम खात्याने त्याच संध्याकाळी धाडला.

दुसऱ्या दिवशी खोलीत सभा भरली. त्रेचाळीस तोंडं, आणि प्रत्येक तोंड दुसऱ्याकडे वळलेलं. आधी भांडण झालं, ते पोटभर झालं. मग दावा पुन्हा घेण्यासाठी अर्ज करायचा ठरलं, आणि अर्जात गैरहजेरीचं कारण काय लिहायचं यावर मंडळींची बुद्धी चालायला लागली. एक म्हणाला, डायरीत तारीख चुकीची पडली असं लिहू. दुसरा म्हणाला, अध्यक्षांच्या छातीत कळ आली म्हणून सगळे त्यांच्यामागे गेले असं लिहू. अध्यक्ष धिप्पाड गडी, आवाज दोन खोल्यांत पुरून उरणारा. त्यांनी आपली छाती चाचपून पाहिली आणि तयारी दाखवली. सरकारी वकिलांना हे ऐकायला नको म्हणून ते चहाचा कप घेऊन केव्हाच बाहेर जाऊन उभे राहिले होते.

ताई उठली. सभेत ती कधी उठत नसे, म्हणून सगळे थोडे गप्प झाले.

"मी पुकारा ऐकला होता," ती म्हणाली.

आता सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

"शेजारच्या कोर्टात होते मी. दुसऱ्या एकासाठी तारीख घ्यायला. आपल्या संघाचं नाव तीनदा कानावर आलं. मी मनात म्हटलं, बेचाळीस जण आहेत, कुणीतरी उठलं असेल. मला कोण बोलायला सांगणार? मी तारखा घेणारी बाई. मी तशीच उभी राहिले." ती थांबली. रात्रभर ती झोपली नव्हती आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. "हेच लिहायचं. शपथपत्र मी करते."

"ताई, हसं होईल आपलं," अध्यक्ष म्हणाले. "वर्तमानपत्रात येईल."

"होऊ दे. खोली गेली तर नाही का होणार?"

"आणि कोर्टाने म्हटलं, हे काही कारण नाही, तर?"

"तर खोली खऱ्यापायी गेली म्हणू. पण खोटं कारण घेऊन मी उभी राहणार नाही, आणि आज माझ्याशिवाय उभं राहायला तुमच्यातल्या कुणाला तोंड आहे ते सांगा."

अध्यक्षांनी शपथपत्रासाठी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

अर्ज तिसऱ्या दिवशी सुनावणीला आला. कोर्टात बसायला जागा नव्हती. ज्या दिवशी एक जण हवा होता त्या दिवशी शून्य, आणि आज सगळे. सरकारी वकील उठले आणि सवयीने म्हणाले, अर्जावर म्हणणं द्यायला दोन आठवड्यांची तारीख मिळावी.

ताई म्हणाली, "माझी हरकत आहे."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "मॅडम, तुम्ही तारखेला हरकत घेताय?"

"हो साहेब. परवा खोली पाडायला माणसं येणार आहेत. माझं शपथपत्र दीड पानाचं आहे, वाचायला पाच मिनिटं लागतील. सरकारी वकिलांना त्यातलं काय खोटं आहे ते इथेच सांगता येईल. ते त्या दिवशी हजर होते."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसू दाबलं. न्यायाधीशांनी शपथपत्र वाचायला घेतलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग पहिलं पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत ताईने याच जागी उभं राहून शेकडो कारणं सांगितली होती, पण त्यांतलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं.

"तुम्ही पुकारा ऐकलात आणि आला नाहीत?"

"हो साहेब."

"हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"न लिहायला बऱ्याच जणांनी सांगितलं, साहेब."

आता न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. पण ताई हसली नाही. ती म्हणाली, चूक वकिलांची आहे, शिक्षाही वकिलांनाच झाली तर माझं काही म्हणणं नाही. पण खोली गेली तर शिक्षा त्या माणसाला होईल ज्याच्या हातात उद्या पहिल्यांदा कोर्टाचा कागद पडेल. त्याला त्या कागदात काय लिहिलंय ते कोण सांगणार? आम्हा बहुतेकांना ऑफिसं आहेत. त्याला या आवारात दुसरं दार नाही. एवढं बोलून ती थांबली. आणखी बोलावं असं तिला वाटलं, पण बोलायचं संपलं होतं.

न्यायाधीश म्हणाले, "या बाईंनी माझ्यापुढे आजवर खोटं कारण सांगितलेलं नाही. आजचं कारण चांगलं नाही, पण खरं आहे. दावा पुन्हा घेतो. मनाई हुकूम कायम. मात्र एक अट. वकीलपत्रावर मला त्रेचाळीस नावं नकोत. एक नाव द्या, ज्याला मी जबाबदार धरीन."

अध्यक्ष अर्धे उठले. उठताना त्यांची नजर ताईकडे गेली, आणि ते, आयुष्यात पहिल्यांदा म्हणायला हरकत नाही, काही न बोलता खाली बसले. इतर बेचाळीस जणांनी त्याच दिवशी आपली नावं मागे घेतली. ताईने नवं वकीलपत्र भरलं तेव्हा तिने स्वतःचं नाव दोनदा तपासून पाहिलं, हे सचिवांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

आता प्रश्न होता, खोली दहा वर्षांहून जुनी आहे हे दाखवायचं कसं? ते एकदा दाखवलं की खात्याचा नकाशा निकामी होणार होता. पण खोली बांधणारे सातही जण केव्हाच गेले होते. संघाच्या जुन्या वह्या, नियमांच्या वहीसकट, गळक्या कौलांखाली भिजून लगदा झाल्या होत्या. आजचे सभासद साक्ष देतील, पण त्यांचीच खोली, त्यांचीच साक्ष. तिला वजन किती? ताईने कपाटं उपसली, जुने दावे चाळले, निवृत्त पट्टेवाल्यांच्या घरी गेली. महिना गेला. जेवताना तिचं लक्ष ताटात नसे.

"काय शोधतेस एवढं?" एक दिवस बाबांनी विचारलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, कान तल्लख, जीभ त्याहून.

"आमची खोली जुनी आहे याचा पुरावा."

"जुनी म्हणजे काय, मी लग्नाआधीपासून जातोय तिथे मापं घ्यायला."

"ते तुम्ही म्हणता बाबा. लिहिलेलं आहे का कुठे?"

म्हाताऱ्याला ते लागलं. "न लिहिता कोट शिवतात वाटतं तुझ्याकडे?"

माळ्यावरून पेटी खाली आली. पेटीत मापांच्या वह्या, एकोणीस. प्रत्येक पानावर तारीख, गिऱ्हाईक, मापं, आणि कोट कुठे पोचवायचा ते: घर, दुकान, नाहीतर 'कोर्टातली खोली'. सगळ्यांत जुन्या वहीत 'कोर्टातली खोली' पहिल्यांदा आली होती ती अठ्ठावन्न वर्षांपूर्वी. ताई वही मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. मग ती रडली. बाबा म्हणाले, वही ओली करू नकोस, साहेबांना दाखवायची आहे.

बाबा साक्षीला उभे राहिले ते स्वतः शिवलेल्या कोटात. सरकारी वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. सभासद असले तरी काम ते इमानदारीने करत, त्यात कुचराई नाही.

"तुम्ही या वकीलबाईंचे वडील?"

"हो."

"मग मुलीसाठी खोटं बोलायला तुम्हाला काय जड आहे?"

"मुलीसाठी बोललोही असतो एखाद्या वेळेस," बाबा म्हणाले. "पण पहिली वही लिहिली तेव्हा मुलगी जन्मायची होती."

कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकील जरा तांबडे झाले. "या वह्या तुम्ही मागाहून लिहिल्या नाहीत कशावरून?"

"कशावरून म्हणता?" बाबांनी अकरावी वही मागितली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि चष्मा नीट केला. "वकीलसाहेब, तुम्हीही आहात यात. तेहतीस वर्षं झाली. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली, आत भर घालणे. कोर्टातली खोली."

सगळ्या कोर्टाची नजर सरकारी वकिलांच्या डाव्या खांद्यावर गेली, आणि तिथून, माणसाचा स्वभावच तो, त्यांच्या कंबरेवर. न्यायाधीशांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वकीलसाहेब, साक्षीदाराचं हे म्हणणं तुम्ही नाकारता?"

गप्प बसायचा हक्क सरकारी वकिलांना होता. समोर खात्याचे अधिकारी डोळे वटारून बसले होते. पण त्या पहिल्या कोटात, सनद मिळाल्याच्या आठवड्यात, तेही याच खोलीतल्या एका टेबलावर बसले होते, आणि पुढची चार वर्षं, ऑफिस मिळेपर्यंत, तिथेच बसले होते.

"नाकारत नाही," ते म्हणाले. "माप त्या खोलीतच घेतलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी." आणि बसता बसता म्हणाले, "खांद्याचंही खरं आहे."

इथेच दावा जिंकला. निकाल लागायला आणखी तीन महिने गेले, पण ते नुसते महिने. खोली निदान अठ्ठावन्न वर्षं जुनी आहे, खात्याने तिला हात लावू नये, असा निकाल झाला. अध्यक्षांनी ताईचा हात धरून तो आपल्या डोक्याच्या वर नेला आणि अशा आवाजात घोषणा दिली की शेजारच्या कोर्टाचं काम थांबलं. सरकारी वकील सगळ्यांच्या आधी तिचं अभिनंदन करायला आले. खात्याने त्यांच्याकडची पुढची कामं काढून घेतली होती आणि त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्रेचाळीस वकील खोलीत एका वेळी बोलत होते. ताई दाराजवळच्या टेबलाशी उभी होती आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की बसावंसं वाटेना.

निकालाची नक्कल चार दिवसांनी मिळाली. ती घेऊन ताई घरी गेली आणि बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी पहिलं पान उजेडाकडे धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दावा क्रमांक, न्यायाधीशांचं नाव, वकील संघ विरुद्ध बांधकाम खातं. मग 'वादीतर्फे' या शब्दापाशी ते थांबले. त्यापुढे त्यांच्या मुलीचं नाव होतं, पूर्ण, मधल्या त्यांच्या स्वतःच्या नावासकट. तारीख घेणाऱ्याचं नाव निकालात येत नाही. ते फक्त त्या दिवसाच्या नोंदीत येतं, तेही दुसऱ्याच्या नावामागे. त्यामुळे हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"एकच नाव?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"बाकीचे वकील?"

"ते मागे बसून ऐकत होते."

बाबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग उठले, दार उघडलं, आणि जिना चढून येणाऱ्या शेजारणीला हात करून थांबवलं. हातातल्या पिशव्या खाली ठेवायला लावून त्यांनी तिला ती ओळ वाचून दाखवली, आणि तिच्या मागून तिचा नवरा आला तेव्हा त्यालाही. एरवी असं काही झालं की ताई लाजेने आत पळायची आणि आतून ओरडायची, बाबा, पुरे. आज ती उंबऱ्यात उभी राहिली, आणि शेजारणीचा नवरा नीट ऐकू आलं नाही म्हणाला तेव्हा तिनेच बाबांना सांगितलं, "पुन्हा वाचा. जरा मोठ्याने."